पालकाची लापशी

निकिता : पालक? आई, लापशीत पालक?

बेबीताई : टाकला बी. आता ओरडून काय होते?

निकिता : अहो, गोड लापशी आहे ती. परवा गाजर होतं, काल कोहळं होतं, ते तरी गोडात चालतं. गुळाच्या लापशीत पालक कोण टाकतं?

बेबीताई : ज्याच्या पोराचं तोंड बोटभर उघडत नाही, ते टाकते.

निकिता : मी भाजीचं वेगळं पाणी करून देते ना. मिक्सरमधून काढते, गाळून घेते...

बेबीताई : अन् तो ते थुकते. मीठ लागलं का आग होते त्याच्या तोंडात, पाह्यलं नाही का तू? भिंत धरून उभा राह्यलता त्या दिवशी. गोड असलं तेवढंच खाली उतरते. मंग भाजी बी गोडातूनच जाईन. साधी गोष्ट हाय.

निकिता : हिरवीगार झाली बघा. तळ्यावरच्या शेवाळासारखी.

बेबीताई : होऊ दे ना. तिचा काय फोटो काढाचा हाय? दुधी बी हाय त्यात, किसून टाकला. अन् तुरीचे सोले टाकले वाटून. तुह्या सासऱ्यानं काल वावरातून शेंगा आनल्या, ओट्यावर ढीग पडला नुसता.

निकिता : सोले पण!

बेबीताई : ताकद त सोल्यातच असते. ऑपरेशन झाल्यापासून पोरगा चिपाडासारखा झाला. आंगातला शर्ट खुंटीले टांगल्यावानी दिसते. मारेगावले दुकानात बसून लोकायचे मोबाइल दुरुस्त करे, अन् गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा. सकाळी खर्रा, जेवल्यावर खर्रा. मी म्हनो, नयन, सोड रे ते. हो माय, म्हने. नागपूरच्या डॉक्टरनं गाल कापला तवा सुटला खर्रा. जाऊ दे. तू गंज धर, सराट्यानं हलवत राह्य. खाली लागली त करपट वास येते, मंग तो खात नाही.

निकिता : हलवते.

बेबीताई : गूळ किसला का?

निकिता : किसला. फडताळात आहे, ताटलीत. झाकून ठेवला, मुंग्या होतात म्हणून.

बेबीताई : राहू दे तठीच. उतरवल्यावर टाकते. दुधात गूळ आंधी टाकला त फाटते. नयन उठला का?

निकिता : तोंड धुऊन राहिले. अकरा होत आले आई.

बेबीताई : पहिले सकाळी पोहे, दुपारी भाकर. आता दोन्हीचं मिळून एकच. ना नाश्ता ना जेवन.

निकिता : पुण्याकडे त्याला ब्रंच म्हणतात. सुट्टीच्या दिवशी मुद्दाम उशिरा उठतात लोक आणि हॉटेलात जाऊन खातात. गोड, तिखट, सगळं एकाच वेळी.

बेबीताई : काय म्हन्तात?

निकिता : ब्रंच.

बेबीताई : त्यायले रातभर झोप येत नसन का?

निकिता : येते आई. चांगली लागते, म्हणून तर उशिरा उठतात.

बेबीताई : मंग आपलं ते नोहय.

निकिता : नाही.

बेबीताई : होईन आपलं बी. आता त डॉक्टरनंच पथ्य सोडवलं. जे मागन ते द्या म्हने. तुमी नागपूरवरून आले अन् नयननं मले हे सांगतलं ना, मी तवाच ओळखलं, पोरगा हाती लागला आता. डॉक्टर पथ्य कवा सोडवते? बिमारी उतरली का सोडवते. मले टायफाइड झालता तवा...

निकिता : आई, लापशी उतू चालली.

बेबीताई : कठी? नाही व, खदखदून राह्यली नुसती. आच कमी कर. पाह्य, माहा फोन वाजून राह्यला. हंसाबाई असन, तिले सकाळपासून चैन पडत नाही माह्याशी बोलल्याबिगर. तू हलव... हालो! हां, बोल हंसाबाई... बरा हाय, बरा हाय. आता पथ्य बी सोडवलं... हो ना व! काही बी खाऊ द्या म्हने डॉक्टर... नाही, भाकर नाही अजून. लापशी देते, भाज्या टाकून... हास, हास तू. बहीन असून हासते मले. सुनबाई बी हासली... अवं, संक्रांतीले ये तू. वानाले ये, चार दिवस राह्य. तवापर्यंत तो ताटावर बसन. सोल्याची भाजी चाखन तरी... निकिता? चांगली हाय. जराशी सुकली तोंडानं, जागरनं होतात ना. आता होईन तिचं बी बरं... ठेवते आता. तो आला. हो, सांगते. ठेव.

नयन : कोन? मावशी?

बेबीताई : हो. संक्रांतीले येते म्हने. बस, अठी बस, उन्हात. टॉवेल घे मांडीवर. निकिता, उतरव तो गंज. थांब, मीच वाढते. तुह्या खुशीचा लहान चमचा दे, मोठा जात नाही त्याच्या तोंडात. खुशीनं खाल्लं का सकाळी काही?

निकिता : दूध-बिस्कीट खाऊन गेली शाळेत. येईलच आता ऑटो.

नयन : हे हिरवं काय?

बेबीताई : पालक हाय. दुधी हाय. सोले हाय.

नयन : माय, मले म्हैस समजलं का तू? हिरवा चारा घालून राह्यली.

बेबीताई : म्हैस बरी. म्हैस गुमान खाते. तू लहानपनी भाजी पाह्यली का ताट सरकवे. वरनात मेथी लपवो मी, त एकेक पान काढून ताटाच्या काठाले लावून ठेवे. आता काढून दाखव एखादं पान.

नयन : नाही सापडत.

बेबीताई : सापडन कसं? पाट्यावर वाटलं सारं.

निकिता : हळू घ्या. गरम आहे.

नयन : गरम तेवढं कळते.

बेबीताई : कसं झालं?

नयन : मस्त.

बेबीताई : गोड बराबर हाय का?

नयन : हाय. कालच्यापेक्षा जास्तच गोड हाय.

बेबीताई : आयकलं का निकिता? अन् म्हने गोडात पालक कोन टाकते! वाटी खाली केली पाह्य त्यानं. आनखी आनू का रे? हाय गंजात.

नयन : आन. थोडं.

निकिता : जबरदस्तीनं नका खाऊ.

नयन : आनू दे तिले.

(बेबीताई वाटी घेऊन स्वयंपाकघरात गेली. बऱ्याच दिवसांनी पोरानं मागून घेतलं होतं, तिचा पाय जमिनीवर ठरत नव्हता. वरून थोडा गूळ भुरभुरावा म्हणून तिनं फडताळ उघडलं. ताटलीवरचं झाकण काढलं. किसलेला गूळ जसाच्या तसा होता. तिनं गंजात बोट घातलं, चाटलं. पालकाचा तुरटपणा, सोल्यांचा कच्चट वास, आणि गोडाचं नाव नाही. आपलंच तोंड बिघडलं असेल म्हणून तिनं पुन्हा चाटलं. मग रिकामी वाटी तशीच हातात धरून ती बाहेर आली.)

नयन : आनलं?

बेबीताई : कसं लागलं म्हन्लं तू?

नयन : सांगतलं ना. गोड.

बेबीताई : गोड.

नयन : हो. काहून?

बेबीताई : गूळ टाकलाच नाही मी.

निकिता : आई...

बेबीताई : तू चूप बस. नयन, गूळ फडताळात हाय. सारा. हंसाबाईचा फोन आला अन् राहून गेला. मी चाखून पाह्यलं आत्ता, जिभेवर ठेववत नाही ते. अन् तू वाटीभर खाल्लं. जास्तच गोड म्हन्लं.

नयन : मले वाटलं, टाकला असन.

बेबीताई : वाटलं म्हनजे? खानाऱ्याले वाटते का? खानाऱ्याले लागते.

निकिता : मी सांगू का?

नयन : नको.

निकिता : कधीतरी सांगावंच लागणार आहे.

नयन : चव नाही लागत माय. कायचीच. शेक दिले ना नागपूरले, ती मशीन लावून, तवापासून गेली. गोड नाही, तिखट नाही. चिखल तोंडात धरल्यासारखं लागते सारं.

बेबीताई : तवापासून? म्हनजे दिवाळीच्या आंधीपासून?

नयन : हो.

बेबीताई : अन् कोहळ्याची लापशी? अन् ते गाजराची? गाजराची सगळ्यात भारी, म्हने तू. मी दुसऱ्या दिवशी मुद्दाम गाजरं आनाले मारेगावच्या बाजारात गेलती.

नयन : रंग पाहून सांगो मी. केशरी दिसली का गाजर म्हनो, पिवळी दिसली का कोहळं.

बेबीताई : रंग पाहून.

नयन : तू दारात उभी राहून माह्या तोंडाकडे पाहे. मंग काय सांगू तुले?

बेबीताई : निकिता, तुले मालूम होतं?

निकिता : होतं.

बेबीताई : अन् तरी पालकासाठी भांडली माह्याशी?

निकिता : मग काय करू? अंधार असतानाच तुम्ही उठता. एवढ्या थंडीत भाजी निवडता, शेंगा सोलता, पाट्यावर वाटता. बोटं बघा तुमची, फुटली सगळी. आणि इकडे ह्यांना कोळसा दिला काय नि केशर दिलं काय, सारखंच. मला ते बघवत नव्हतं. म्हणून म्हणत होते, मिक्सर आहे, मी करून देते.

बेबीताई : येईन ना पन चव? येते म्हन्तात. शेजारच्या रुपीबाईच्या भावाले बी शेक दिलते, त्याची आली. झुणका मागून खाल्ला त्यानं. तुमी डॉक्टरले इचारलं का?

नयन : नाही.

बेबीताई : काहून नाही? तुमी जाता कायले मंग तठी? पुढच्या खेपेले मी येते संगं, मी इचारते. कवा बोलावलं?

निकिता : बोलावलं नाही आई.

बेबीताई : म्हनजे?

निकिता : पुढची तारीखच नाही दिली.

बेबीताई : बरं हाय म्हनून नसन दिली.

नयन : निकिता, पानी दे.

निकिता : देते. पण हे तुम्ही सांगा त्यांना. मला नाही जमणार. रोज तुमच्या दोघांच्या मध्ये उभी राहून मी थकले आता.

बेबीताई : काय सांगाचं हाय?

नयन : माय, बस खाली.

बेबीताई : उभीच बरी मी. सांग.

नयन : मानेत परत आलं ते. अन् छातीत उतरलं.

बेबीताई : काय उतरलं?

नयन : तेच. आता ऑपरेशन होत नाही. शेक बी नाही देता येत. डॉक्टर म्हने, घरी न्या.

बेबीताई : पथ्य नाही म्हने ना तो!

नयन : म्हनूनच म्हने.

बेबीताई : जे मागन ते द्या म्हने.

नयन : हो माय. म्हनूनच.

बेबीताई : मी साऱ्या मुकुटबन गावात सांगत फिरली रे. नळावर सांगतलं, किराण्याच्या दुकानात सांगतलं. पोराचं पथ्य सुटलं, पोराचं पथ्य सुटलं. लोकायले समजलं असन. कोनीच काही बोललं नाही, माह्या तोंडाकडे पाहत राहत नुसते. मले वाटे, आनंद झाला त्यायले. आत्ता हंसाबाईले संक्रांतीचं बोलावनं केलं. अन् तू अठीच उभी होती, निकिता. गंज हलवत.

निकिता : हातातून फोन ओढून घ्यावा वाटलं. नाही घेता आला.

बेबीताई : तुह्या बापाले मालूम हाय?

नयन : बाबा होते ना संगं. तेच अंदर गेलते डॉक्टरजवळ. येतांनी वरोऱ्याच्या पुढं गाडी थांबवाले लावली त्यायनं. लघवीले जातो म्हने अन् कपाशीच्या एका पऱ्हाटीत शिरले. लय वेळ आलेच नाही. डायवर म्हने, काकाले साप-बीप त नाही चावला? मंग आले. रुमालानं तोंड पुसलं अन् म्हने, तिले सांगू नका. तिची चूल चालू राहू द्या.

बेबीताई : असं म्हने?

नयन : असंच.

बेबीताई : म्हनून शेंगा आनून राह्यले रोज. मी म्हनो, इतल्या कायले आनता, घरात खानारं कोन हाय? ते म्हनत, टाक ना लापशीत. तुरीत आता काही काम नाही, तरी तो मानूस दिवसभर वावरात बसून राह्यते. मले वाटे, माकडं हाकलून राह्यले.

निकिता : बाबा घरात बसूच शकत नाहीत.

बेबीताई : हैदराबादले नेऊ. अदिलाबादवरून गाडी जाते. तिकडे मोठे मोठे दवाखाने हाय.

निकिता : मी फोन केला होता तिकडे. रिपोर्टांचे फोटो पाठवले होते सगळे. त्यांनीपण तेच सांगितलं. म्हणाले, इतक्या लांब आणून त्रास देऊ नका पेशंटला.

बेबीताई : तुमी सारं करून बसले. फोन केला, फोटो पाठवले. मी एकटीच राह्यली.

नयन : मले नाही जाचं कठीच. अठीच राहाचं हाय.

बेबीताई : राह्य ना. कोन जा म्हन्ते तुले?

नयन : अन् भाजी नको टाकत जाऊ आता. कायले ताकद जमवतं? कोनासाठी?

बेबीताई : असं नको बोलू.

नयन : खरं बोलून राह्यलो. गिळतांनी दुखते मले. गोड असो का कडू, दुखाचं तेवढं दुखतेच. काच उतरल्यासारखी उतरते आतमंदी.

बेबीताई : लापशी बी?

नयन : पानी बी.

बेबीताई : अन् तू आनखी मागितली. आत्ता. आन, थोडं, म्हन्लं तू मले.

नयन : तू खुश होती.

बेबीताई : देवा रे. माह्या आनंदासाठी काच गिळत होता तू?

नयन : सोड. बोलून आनखी दुखते.

बेबीताई : मंग मी सकाळी उठून करू काय, नयन?

नयन : झोपून राह्य.

बेबीताई : झोप लागते का मले? तू तिकडे कूस बदलवतं, ते मी इकडे आयकत राह्यते. कोंबडा आरवला का म्हन्ते, चला, आता उठाले हरकत नाही. पालक निवडते, शेंगा सोलते. तेवढा टाइम बरा जाते. हाताले काम असते, अन् वाटते, आपून काहीतरी करून राह्यलो. काही रिकामं बसलो नाही. पोराच्या पोटात सोले गेले, आज दुधी गेला, उद्या गाजर जाईन. असं मोजत राह्यते मी. ते बी नको करू म्हन्तं?

निकिता : मी पण जागीच असते आई तेव्हा. तुमची खुडबुड ऐकत पडून राहते.

बेबीताई : मंग बाहेर काहून नाही आली? दोघी मिळून सोलल्या असत्या.

निकिता : मला वाटायचं, तुम्हाला समजलं असेल. तुम्ही तिथं एकट्याच रडत असाल, म्हणून नाही यायचे.

बेबीताई : मी काहून रडीन व? मी त भाजी निवडत होती.

नयन : माय.

बेबीताई : काय?

नयन : काही नाही.

बेबीताई : बोल ना.

नयन : काही नाही म्हन्लं ना. बस जराशी अठी. नुसती बस. वाटी ठेव ती खाली.

बेबीताई : हं. बसते. सरक.

निकिता : हॉर्न वाजला. खुशीचा ऑटो आला वाटतं.

नयन : तोंड पुसून दे मले. ती घाबरते असं पाहून.

बेबीताई : थांब, मी पुसते. हिरवं लागलं साऱ्या ओठाले. असा इकडे पाह्य. दुखते का अठी?

नयन : नाही.

बेबीताई : खरं सांग.

नयन : दुखते.

बेबीताई : हळूच पुसते. झालं.

निकिता : आई, दारातूनच ओरडत येऊन राहिली, भूक लागली म्हणते. गंजात आहे ते गरम करून वाढू का तिला?

बेबीताई : नको व. हे तिले नको देऊ. तिले चव लागते.